नोंदीत नसलेले बुडबुडे

शनिवारी दुपारी, जेवणं उरकल्यानंतर, परिवहन खात्यातील ब्रेक तपासणीसांच्या घरी सायकलचा पुढचा ब्रेक मऊ लागत असल्याची बाब निदर्शनास आली. निदर्शनास आणली ती त्यांच्या कन्येने. सायकल तिचीच, डोंगरात चालवायची, जाड टायरची. लिव्हर दाबला की तो खुशाल हँडलला जाऊन टेकायचा आणि सायकल आपली चालतच राहायची. रविवारी सकाळी डोंगरावरून सात किलोमीटर उताराची शर्यत होती आणि त्या शर्यतीसाठी कन्येने सहा महिने घाम गाळला होता.

"बाबा, ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरलीय," ती म्हणाली. "दुकानात देऊन येते, तासाभरात काढून देतील."

तपासणीस साहेबांचा चहाचा कप हवेतच थांबला. गेली अठरा वर्षं शहरातली प्रत्येक बस त्यांच्या सहीनंतरच रस्त्यावर येत होती. रोज पायी ऑफिसला जाऊन तब्येत राखलेला हा गृहस्थ ब्रेकच्या बाबतीत शेवटचा शब्द मानला जाई.

"दुकानात? काखेत कळसा आणि गावाला वळसा! आण इकडे ती सायकल."

कन्येने सायकल बाल्कनीत उलटीसुलटी न करता नीट उभी केली, आणि सामानाची पेटीही आणली. तीत एक सिरिंज, तेलाची बाटली, एक बारका पाना, लिव्हरवर बसवायची प्लास्टिकची वाटी आणि एक पिवळा ठोकळा होता. रीत सोपी होती. ब्रेकपॅड काढून त्यांच्या जागी ठोकळा घालायचा, चाकाकडून सिरिंजने तेल वर ढकलायचं, म्हणजे नळीतली हवा बुडबुडे होऊन वरच्या वाटीत येते. बुडबुडे थांबले की काम झालं.

साहेबांनी पेटीला हात लावला नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टीने चौदा रकाने आखले आणि भरायला सुरुवात केली. तेल: योग्य. पॅड: कोरडे. बुडबुडे: निरंक. शेरा: समाधानकारक.

सकाळची पाळी करून आलेली त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती. ती रुग्णालयात परिचारिका होती.

"अहो, अजून सायकलला बोटही लावलं नाहीत. समाधान कशाचं झालं?"

"तुला नाही कळायचं. आमच्याकडे कागद सकाळी भरतात, बस दुपारी येते. बस आधी आली तर कागद भरताना विनाकारण घाई होते."

मग कामाला प्रारंभ झाला. पॅड कोरडे असल्याची नोंद आधीच झालेली असल्यामुळे ते काढण्याचं कारण उरलं नव्हतं.

"बाबा, पॅड काढा आधी! तेल लागलं तर ते फुकट जातील!"

"नोंद कोरडे अशी आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सिरिंज दाबली. नोंदीचा कसलाही मान न ठेवता तेल पॅडवर टपटपलं. वर वाटीत बुडबुडे येऊ लागले. आधी एक, मग चार, मग रांगच लागली.

"हवा येतेय, बाबा! दाबत राहा!"

साहेबांनी वाटीकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे बुडबुडे अनधिकृत आहेत."

"म्हणजे काय?" बायको पुढे आली. "माझ्या वॉर्डात सलाईनच्या नळीत बुडबुडा दिसला, तर मी टिचकी मारून बाहेर काढते हो. निरंक लिहून घरी नाही येत!"

"लिहिलेलं बदलायचं म्हणजे खाडाखोड आली. खाडाखोड आली की खुलासा आला. अठरा वर्षांत माझ्या कागदावर एक खाडाखोड दाखव, मिशी काढून ठेवतो."

त्यांनी पान्याने सिरिंजपाशी असलेला नट आवळला आणि वाटीवर झाकण घातलं. बुडबुडे दिसेनासे झाले, नोंद खरी ठरली. बॅगेतून शिक्का काढून त्यांनी तो कागदावर उमटवला, झोकदार सही केली आणि प्रमाणपत्र सायकलच्या दांडीला चिकटपट्टीने लावलं.

कन्येने लिव्हर दाबला. तो हँडलला टेकला.

"वापराने होईल कडक," साहेब म्हणाले. "सही बघ की."

पोरीचे डोळे भरून आले. "बाबा, त्या उतारावर तिसऱ्या वळणाला कठडा नाहीये."

बायकोने आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला नाही, की घरातल्यांनी सावध व्हावं असा रिवाज होता. "खाली पार्किंगचा उतार आहे," ती म्हणाली. "उताराच्या शेवटी भिंत आहे. तुम्ही बसा सायकलवर. भिंतीआधी थांबलात, तर पोर उद्या जाईल."

साहेबांनी बाल्कनीतून खाली पाहिलं. उतार चांगलाच उभा होता आणि भिंत दगडी होती. मग त्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं. सही त्यांचीच होती, शंकेला जागाच नव्हती.

"मी? डोकं फिरलंय का तुझं? हातपाय मोडून घेऊ?"

साहेबांना स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि त्यांची मान खाली गेली. त्यांनी प्रमाणपत्र ओरबाडून काढलं, फाडलं आणि बाह्या वर केल्या.

पुढे सगळं रीतसर, म्हणजे कागदाशिवाय झालं. कन्येने धावत जाऊन नवे पॅड आणले. पॅड जिला धरतात ती चाकाची डिस्क स्पिरिटने पुसली, ठोकळा बसवला. साहेब सिरिंज दाबत होते, बायको नळीला टिचक्या मारत होती, कन्या लिव्हर हलवत होती. पाऊण तासाने शेवटचा, मोहरीएवढा बुडबुडा वर आला. पॅड बसवल्यावर लिव्हर दगडासारखा लागला. मग साहेब स्वतः पार्किंगच्या उतारावरून सुटले आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थांबले. त्यांना इतका आनंद झाला की ते आणखी तीनदा सुटले आणि तीनदा थांबले. रविवारी कन्या अकरावी आली, पण आली अख्खी.

सोमवारी डबा देताना बायको म्हणाली, "बघा, मनात आणलं तर येतं तुम्हाला. आता ऑफिसातही असंच करा."

"अगं, सायकल एक होती. बस चारशे आहेत."

"आणि त्यात माणसं?"

"माणसांचा रकाना नाही आमच्या फॉर्मात," असं म्हणून साहेब निघाले. ऑफिस साडेतीन किलोमीटरवर आहे आणि बस अगदी दारावरून जाते. पण ते आजही पायीच गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणतात. कोणत्या डॉक्टरांनी, ते बायकोलाही ठाऊक नाही.

तुम्ही मात्र निर्धास्त बसा. ड्रायव्हरच्या डोक्यावर साहेबांच्या सहीचा तो कागद लावलेला असतोच. काय म्हणता, कधी वाचला नाही? मग साहेबांना कशाला हसताय? त्यांनी निदान लिहिताना तरी एकदा पाहिला होता.