मिरचीच्या पथारीवर ऊन आढळले नाही

माणसाला ऊन लागतं, ही गोष्ट विज्ञानाने सिद्ध करेपर्यंत अफवाच समजली पाहिजे. हे सिद्ध करण्याचा मान नंदुरबार जिल्ह्याला मिळणार होता. थोडक्यात हुकला.

शहाद्याकडच्या एका कॉलेजातले डॉ. भाग्येश सर वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकवर नऊ वर्षं काम करत आहेत. त्या प्लॅस्टिकचे केसाच्या पाचशेव्या भागाइतके बारीक धागे काढून त्यांनी मनगटावरची पट्टी विणली. अंग ठीक असेल तर पट्टीवर हिरवा दिवा लागतो, उन्हाने तापलं तर लाल. प्रयोगशाळेत ती उत्तम चालली. (प्रयोगशाळेत एसी आहे.)

पुढची चाचणी नंदुरबारजवळच्या एका पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या उघड्या मैदानावर ठरली. महिना मार्च, पारा चाळीस, बाया एक्केचाळीस, झाडं शून्य. पथारीचे मालक नवनीतशेठ विज्ञानप्रेमी. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "आठ दिवस लाल दिवे लागले, तर बायांसाठी सावलीचा मांडव टाकतो." मांडव बाया सहा वर्षांपासून मागत होत्या, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. (घाम पुराव्यात धरत नाहीत.)

पट्टी बांधण्याआधी दहा मिनिटं स्वस्थ बसावं, असा शास्त्रीय नियम आहे. पथारीच्या इतिहासात बायांना कुणी कामाच्या वेळेत बसायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. विज्ञानाबद्दलची आस्था झपाट्याने पसरली. दगूबाई पहिल्याच सकाळी तिसऱ्यांदा आली.

"सर, मन्ही पट्टी ढिली व्हयनी. परत बांधी द्या ना."

"दगूबाई, तुन्हीच पट्टी कशी ढिली व्हस वं?" मुकादम भटू ओरडला.

"मन्हा हात मिरचीगत सुकी गयात, भटूभाऊ. तू बठ ना उनमां, तुन्हीबी व्हई."

अकरा वाजता सदतीस दिवे लाल झाले. सर आनंदले. दगूबाईने तर मांडवाची जागाही पायाने आखून ठेवली.

भटू मात्र जबाबदार माणूस. लाल दिवा म्हणजे बाई आजारी, आणि आजारी बाईला कामावर घेणं माणुसकीला धरून नाही, असा त्याने विचार केला. त्याने जाहीर केलं, "उद्यापाईन ज्यान्हा दिवा लाल, त्यानी दुसरा दिन येवानं नही." (कामगार कल्याणाचा याहून तातडीचा निर्णय या जिल्ह्यात झाल्याचं ऐकिवात नाही.)

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस दिवे हिरवे. तिसऱ्या दिवशीही हिरवे. आकडे तपासताना सरांच्या लक्षात आलं, की दुपारी एक ते तीनच्या दरम्यान बायांची कातडी चोवीस अंशांवर येते. जिवंत माणसाच्या बाबतीत हे प्रथमच आढळत होतं. त्यांनी दगूबाईला बाजूला घेऊन मनगटावरचा पदर सरकवायला सांगितला. पट्टीभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"अहो दगूबाई, मांडव हवा ना तुम्हाला?"

"पायजे ना, सर. पन लाल दिवा लागना ते उद्या माले कोन बलाई? मांडवखाल बठाले तरी कामवर ऱ्हावाले पायजे."

 सरांनी वहीत नोंद केली : 'सहभागींचा प्रतिसाद उत्साहवर्धक.' फडक्याची नोंद करायची, तर चाचणी पुन्हा घ्यावी लागली असती, आणि शोधनिबंधाची मुदत शुक्रवारी संपत होती.

निबंध स्वीकारला गेला. त्यातील निष्कर्ष असे : पट्टी शंभर टक्के यशस्वी आहे, स्थानिक स्त्रियांना उन्हाचा त्रास होत नाही, आणि दुपारची वेळ त्यांच्या प्रकृतीला विशेष मानवते. पहिल्या दिवसाचे लाल दिवे 'यंत्र स्थिरावण्याचा काळ' या सदरात गेले. नवनीतशेठ शब्दाचे पक्के. आठ दिवस लाल दिवे लागले नाहीत, त्यांनी मांडव टाकला नाही.

पट्ट्या परत कॉलेजात गेल्या. त्यातलं प्लॅस्टिक नाजूक असल्याने खोक्यावर सूचना छापली आहे : 'थंड व कोरड्या जागी ठेवावे. उन्हापासून जपावे.'

आपल्या स्वयंपाकघरातल्या तिखटाच्या पाकिटावरही हीच सूचना असते, आणि आपण ती पाळतो.