साळवेकाकांची बोट

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत बोट एकाच माणसाची आहे, साळवेकाकांची. दर एक तारखेला काका गॅलरीत उभे राहून आज आपण बोटीचा कोणता भाग घेतला ते जाहीर करतात. "ऐका रे, आज सुकाणू घेतलं!" त्याआधीच्या महिन्यात आरामखुर्ची होती.

बोट काकांकडे नाही. ती एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबाकडे आहे. काका तळमजल्यावरच्या खोलीत लग्नपत्रिका आणि विहाराची पत्रकं कॉम्प्युटरवर जुळवतात. त्याचा प्रोग्रॅम त्यांनी एकदाच रोख पैसे देऊन, खोक्यासकट घेतला होता. कंपनीने तो बंद पाडला आणि त्याच कामाला महिन्याचं भाडं लावलं, तेही दरवर्षी वाढणारं. दुसरीकडे जावं तर सगळे छापखाने याच कंपनीच्या फायली मागतात. त्याच सुमारास पेपरात साहेबाच्या नव्या बोटीचा फोटो आला. काकांनी तो कापून कॉम्प्युटरला चिकटवला; आपलं एक तारखेचं भाडं या बोटीतच जातं, असा त्यांचा हिशेब. "आपला चाळमालक बरा रे. छप्पर गळलं की निदान तोंड तरी लपवतो. हा पिळतो आणि वर फोटो काढून घेतो!"

लोक हसतात. मला हसू येत नाही. ही उघड लूट आहे आणि ती टाय लावून केली म्हणून तिला कोणी लूट म्हणत नाही.

काका जुने गिरणी कामगार, युनियनवाले. त्यांचं एकच पालुपद, "लेखी द्या!" भाजीवाल्याने मेथी कोवळी आहे म्हटलं तरी, "लेखी द्या!" कंपनीच्या मदतीच्या नंबरवर ते अर्धा अर्धा तास भांडत. पलीकडे नीलिमा नावाची मुलगी असायची. एकदा फोन ठेवताना काका सवयीने "जयभीम" म्हणाले. पाठ केलेलं हिंदी सोडून ती हळूच म्हणाली, "जयभीम, काका." तेव्हापासून प्रत्येक भांडणाच्या शेवटी "जेवलीस का गं?" सुरू झालं.

फोन संपला की एक ते पाच गुण द्यायचे असतात. काका न चुकता पाच दाबत. "कमी दिले तर पोरीच्या पोटावर पाय येतो. शून्य त्या साहेबाला द्यायचंय, पण त्याचं बटणच ठेवलं नाही हरामखोराने!"

पुढे नीलिमाचं लग्न ठरलं. काकांनी बजावलं, "पत्रिका मी करणार. पैशाचं नाव काढायचं नाही." चाळीतल्या दोन पिढ्यांच्या पत्रिका त्यांनी केल्या, स्वतःची तेवढी राहून गेली. नीलिमाच्या पत्रिकेभोवती पिंपळाच्या पानांची वेल काढत ते पंधरा दिवस बसले होते. हॉल मिळाला की तारीख सांगते, असं ती म्हणाली होती.

त्यानंतर काकांनी फोन केला तो यंत्राने उचलला. कंपनीने फोनवरची माणसं काढून टाकली होती.

"नीलिमाला द्या," काका म्हणाले.

"क्षमा करा, मला समजलं नाही."

"पोरगी कुठाय? लेखी द्या!"

दोन मिनिटांत मोबाइलवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढली आहे. इतक्या वर्षांत कंपनीने लेखी दिलं ते हे. त्याच आठवड्यात साहेबाचा पगार वाढल्याची बातमी आली. माझं डोकं फिरलं. "बास काका, एक पैसा देऊ नका. मी फुकटचा प्रोग्रॅम टाकून देतो."

एक तारखेला काका गॅलरीत आलेच नाहीत. मी खाली गेलो. काकांनी भाडं भरलेलं होतं आणि पडद्यावर नीलिमाची पत्रिका उघडी होती.

"काका, आज बोटीचं काय घेतलंत?"

"आज बोटीचं काही नाही. भाडं थांबलं तर ही पत्रिका उघडायची नाही."

"मग छापून ठेवा की. फोन करून तिला..."

"परक्या मुलीचा नंबर कसा मागायचा रे? आपला नंबर तिच्याकडे होता, पण तो कंपनीच्या कॉम्प्युटरात." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आणि छापू कशी? तारीख भरायची राहिलीय."