सांगवीच्या नावेतलं लोहचुंबक

सयाजीने नावेच्या डिझेल इंजिनाला लोहचुंबक बांधलं आणि नेमका त्याच दिवशी मेहुणा दत्त म्हणून उभा राहिला. सांगवीहून औंधाला माणसं पोचवणाऱ्या त्या नावेवर सयाजीचा भारी जीव. पण इंजिनाची तहान काही भागत नव्हती. चुंबक विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, "नळीला बांधा, डिझेल निम्मं लागेल."

"काय खुळ्यागत करताय, दाजी!" ज्योतीराम म्हणाला. तो पिंपरीच्या एका कारखान्यात होता आणि कारखाना आपल्याच खांद्यावर उभा आहे असं सांगत असे. "चुंबकानं कुटं डिझेल वाचतंय व्हय? त्यापरीस कारखान्यात या. सायेब माज्या शब्दाभाईर न्हाई."

सयाजी पेटला. "आठ खेपांना टाकीतलं चार बोटं डिझेल जातंय. उद्या दोनाच्या वर गेलं, तर नाव इकून तुज्यामागं कारखान्यात येतो!"

बोलून गेला खरा. नदी सोडायची? त्याला कारखान्याचा नुसता भोंगा ऐकूनही धडकी भरे.

सकाळी ज्योतीरामने काठी टाकीत बुडवून डिझेलची खूण केली. चौथ्या खेपेला सयाजीचा धीर सुटला. उतारू उतरताच त्याने लपवलेली बाटली टाकीत रिकामी केली. बरोबर दोन बोटांपुरतं डिझेल होतं.

दुपारी बायको, अंबुबाई, भाकरी घेऊन आली. तो जेवत असताना ती इंजिनापाशी रेंगाळली आणि मग बराच वेळ वाळूने हात घासत बसली. शेवटच्या खेपेआधी ज्योतीराम पिशवी सावरत आला.

"च्या पिऊन या, दाजी. मी बसतो नावंपाशी."

सयाजी भाबडेपणाने गेला. शब्दाबाहेर नसलेल्या साहेबाने ज्योतीरामला आजवर साधी ओळखही दिली नव्हती, हे त्याला कुठलं ठाऊक! दाजी खरंच दारात येऊन उभे राहिले असते तर बिचाऱ्याची पंचाईत होती.

आठवी खेप झाली. तिघं टाकीभोवती जमले. ज्योतीरामने काठी बुडवून वर काढली. डिझेल सकाळच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

सयाजीने मनात ताळा जमवला. आपण ओतलं दोन बोटं. मग बाकीचं आलं कुठून? त्याच्या अंगावर काटा आला. त्याने चुंबकाला मनोभावे हात जोडले.

"मी म्हनत न्हवते?" असं पुटपुटत अंबुबाईनेही जोडले.

ज्योतीराम टाकीकडे टक लावून बघत होता. शेवटी तो हळूच खाकरला.

"दाजी, त्यो चुंबकवाला परत कवा येनार हाय?"

"का रं?"

"आमच्या घरात स्टोला रॉकेल लई जातंय."