हैबतराव पैलठाण्यास पोहोचले त्याची हकीकत

श्री. वरचे आभाळ मोकळे असो, खालचे ठाणे जागे असो. शके एकोणीसशे पंधरा, श्रीमुख नाम संवत्सरे, माघ मासी राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे आठवते तैसे लिहिले असे. ज्यांनी पाहिले त्यांतील थोडे उरले, आणि जे उरले ते या गोष्टीवर बोलत नाहीत, म्हणोन लिहिणे प्राप्त झाले.

राज्य डोंगरमुलखाचे. दोन ठाणी मुख्य, अलीकडे माथेठाणे आणि खोल दरीपलीकडे पैलठाणे. मध्ये गाडीवाट नाही, म्हणोन थोरल्या महाराजांनी विमाने ठेविली होती. माथेठाण्याचा तळ म्हणजे डोंगरमाथ्यावरील एकच अरुंद पट्टी, दोहों अंगांस कडा. एक विमान पट्टीवर उभे असता दुसरे उतरावयास जागा नाही, आणि उभे विमान लोटून बाजूस ठेवावे तर बाजूच नाही. याकरितां कोणते विमान निघाले आणि कोणते पोहोचले, याचा निरोप विमानाइतकाच मोलाचा, आणि त्यासाठी निरोपखाना बांधिला होता. तेथे भिंतीशी छापयंत्रे ओळीने मांडिलेली, यंत्रातून छिद्रांची कागदी फीत बाहेर यावी, ती फाडून खुंटीस टांगावी, मग खुंटीवरून काढून दुसऱ्या यंत्रास लावावी आणि निरोप तारेने पुढे जावा. फिती टांगण्यास आम्ही बायका असूं. खोलीला तेलाचा आणि गरम कागदाचा वास येई. विमान निघाल्याचा निरोप गेला की सारा निरोपखाना गप्प होई, चहा पेल्यांत निवून जाई, आणि पैलठाण्याची फीत येऊन वाचणारी "पोहोचले!" म्हणे, मग सगळ्यांचे खांदे खाली येत आणि कोणीतरी उगाच हसे. तसे हसणे पुढे कोठे ऐकले नाही. निरोपखान्याच्या मुख्य राहीबाई. लहानपणी आईबाप गेले, धाकटा भाऊ हैबतराव यांस बाईंनीच वाढविले, आणि तो मोठा होऊन राज्याचा वैमानिक जाहला. त्याचे विमान निघे तेव्हां बाई फितीला हात लावीत नसत, दुसरीस लावावयास सांगत.

मग अंतोपंत कारभारी जाहले आणि त्यांनी महाराजांस विनंती केली की, जगात सर्वत्र निरोपांची नवी जाळी आली, आपणच कागद फाडीत बसलों. महाराजांनी रुकार दिला. तेव्हां पेट्यांतून संगणक आले, पडदे लागले, एक एक छापयंत्र उचलून नेले, आणि नवे जाळे अंगवळणी पडेपर्यंत सोय म्हणोन पैलठाण्याची एक जुनी तार आणि एक यंत्र तेवढे कोपऱ्यात ठेविले. नवे जाळे फार वेगाचे निघाले. पूर्वी पोहोचल्याचा निरोप यावयास अर्धी घटका लागे, तो आता विमान उतरतांच येऊं लागला. आणि मग एके दिवशी विमान अजून दरीवर असतांच पोहोचल्याचा निरोप आला, आणि विमान त्याच वेळेस, त्याच माणसांनिशी उतरले. कारभाऱ्यांनी साखर वाटली. पुढे विमान पट्टीवर उभे असतां, लोक चढतही नाहीत तोंच, पडद्यावर पोहोचल्याचे उमटूं लागले, आणि एकदाही खोटे ठरले नाही. राहीबाई म्हणाल्या, "पंत, हे बरं लक्षण नाही. न झालेल्या गोष्टीची पोहोच कोण देतंय?" पंत हसून म्हणाले, "बाई, तुम्हाला उशिराची सवय. जग पुढे गेलं." आणि दवंडी पिटविली की नवे यंत्र चुकत नाही, सबब पोहोचल्याचा निरोप हाती आल्यावाचून कोणतेही विमान सोडूं नये. लोकांस मोठे सुख जाहले. निघतांना डोळ्यांत पाणी आणण्याचे, हात जोडण्याचे कारण उरले नाही, आणि प्रवासी पानसुपारी खात, आधीच पोहोचल्यासारखे विमानांत चढूं लागले.

माघ शुद्ध दशमीस कारभाऱ्यांची भाची कृष्णी हिचे लग्न पैलठाण्यास मध्यान्हीचे धरिले होते. सकाळी वऱ्हाड तळावर आले, नवरीस मुंडावळ्या बांधिलेल्या, हैबतराव विमान पुसून तयार. आणि पडदा कोरा. एक घटका गेली, दोन गेल्या, पोहोचल्याचे काही येईना. कारभारी घामाघूम होऊन निरोपखान्यांत आले आणि म्हणाले, "सोडा हो बाई, मुहूर्त टळेल. यंत्र अडकलं असेल."

"तुमचीच दवंडी होती, पंत. यंत्र चुकत नाही."

"अहो, एक दिवस!"

"दिवस एकच लागतो," राहीबाई म्हणाल्या.

मग हैबतराव स्वतः आले आणि म्हणाले, "अक्का, आभाळात ढगाचं बोट नाही. मी डोळे मिटून जाऊन येईन. तिकडे जेवणावळ आहे, इकडे तू मला उपाशी मारतेस." बाईंनी त्यांची बाही धरिली आणि म्हणाल्या, "जाऊ नकोस. एवढं एक ऐक." हैबतरावांनी बहिणीचे तोंड पाहिले आणि टोपी काढून बाकावर बसले. मध्यान्ह झाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडांतील बायका बोटे मोडूं लागल्या, आणि विमान उन्हांत उभे राहिले.

तिसऱ्या प्रहरी पडद्यावर अक्षरे उमटली: विमान मध्यान्हीपूर्वी पैलठाण्यास पोहोचले, वैमानिक हैबतराव, वऱ्हाड सुखरूप उतरले, लग्न लागले. कारभारी वाचून टाळी देते झाले, आणि मग खिडकीतून विमान पाहिले, बाकावर हैबतराव पाहिले, आणि टाळीचा हात तसाच राहिला.  राहीबाई उठोन कोपऱ्यांतील जुन्या यंत्रापाशी बसल्या आणि पैलठाण्याचे ठाणेदार निंबाजी यांस तारेने पुसत्या जाहल्या की, विमान तेथे खरोखर आहे काय? फीत आली, बाईंनी मोठ्याने वाचिली: "दारात उभे आहे. हैबतराव माझ्यासमोर बसून पोहे खात आहेत. काही सांगायचे आहे का?"

हैबतराव हसले, पण ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "विचार त्याला, शेंगदाण्यांचं काय करतोय?"

उत्तर आले: "वेचून बशीच्या कडेला रांग लावली आहे. सवयच आहे म्हणतात."

 मग बाईंनी लिहिले: "त्याला विचारा, निघताना अक्का काय म्हणाली?" या वेळी फीत यावयास वेळ लागला. आली ती अशी: "म्हणाली, जपून जा." तेव्हां बाईंनी भावाकडे पाहिले, आणि दोघांसही कळले की पलीकडे ज्याने पोहे खाल्ले त्यासही एक बहीण होती, आणि तिने त्याची बाही सोडिली होती.

इकडे राज्याचा कारभार कागदाबरहुकूम चालूं लागला. वऱ्हाडास भूक लागली म्हणोन मुदपाकखान्यांत सांगून पाठविले, तर आचारी म्हणाला, "वऱ्हाड गेलं म्हणून कळवलंय. मी पानं कोणाची मांडू?" पहारेकऱ्यांनी हैबतरावांस तळावर हटकिले की वैमानिक पैलठाण्यास आहेत, आपण कोण? कृष्णीने मामास पुसिले, "मामा, तिकडे माझं लग्न लागलं ना? मग मी इथेच राहिले तर चालेल?" पंतांनी तिच्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "इथे तू नाहीसच, पोरी." ती मग मुंडावळ्या सांवरीत विमानाच्या सांवलींत जाऊन बसली, आणि तिच्याशी कोणी बोलेना, जणू बोलणे म्हणजे चोरी.

इतक्यांत पडद्यावर दुसरा निरोप उमटला: विमान वऱ्हाड घेऊन पैलठाण्याहून परत निघाले, नवरी सासरी ठेविली. निंबाजीचीही फीत आली की खरेच निघाले, आत्तांच कड्याआड गेले. तेव्हां सर्वांच्या ध्यानी आले की पट्टी एक आणि तिजवर विमान उभे. हैबतराव धांवत जाऊन आपल्या विमानांतील बिनतारी यंत्रावर हांक देते झाले, तर त्यांतून त्यांचाच आवाज आला. "माथेठाणे, पट्टी मोकळी आहे का? माथेठाणे, बोला ना." यांनी ओरडून सांगितले, मागे फीर, पट्टी अडली आहे, आणि तो आवाज पुन्हा तेंच पुसत राहिला. त्यांस यांचे ऐकूं येत नव्हते.

हैबतराव खाली उतरोन बहिणीजवळ आले आणि म्हणाले, "अक्का, मी तेल किती भरतो ते मला ठाऊक आहे. तो मागे वळू शकणार नाही. माझं विमान इथून हललं नाही तर तो कड्यावर आपटेल, सोबत सगळं वऱ्हाड."

"तू गेलास तर तुझं पोहोचल्याचं आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तो निरोप त्याचा होता. तुझा नाही."

"तो कोण आहे गं?"

 तो कोण हे बाईंस कळत होते. शेंगदाणे वेचून रांग लावणारा एकच होता, आणि तो दोन ठिकाणी होता, आणि एकास धरून ठेवावे तर दुसरा डोळ्यांदेखत मरणार. कारभारी हात जोडून म्हणाले, "बाई, माझी माणसं आहेत त्यात." तेव्हां वऱ्हाडांतील एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "इथे आम्हाला जेवायला नाही, बसायला नाही. त्यापेक्षा चला." आणि एकामागोन एक ते सारे चढले, पानसुपारी कोणी खाल्ली नाही. कृष्णी शेवटी चढली आणि चढतांना मामाच्या पायां पडली, आणि मामांनी पाय मागे घेतले. मग बाईंनी भावाची बाही सोडिली, आणि काहीं बोलल्या नाहीत. बोलायचे ते सकाळीच बोलून चुकल्या होत्या.

विमान उडाले. ऊन लख्ख, आभाळांत ढग नाही. आम्ही सर्व पट्टीच्या टोकाशी उभ्या होतों. विमान दरीवर गेले, लहान लहान होत तिळाएवढे दिसूं लागले, आणि तो तीळ दिसेनासा होतो न होतो तोंच त्याच जागी तीळ पुन्हा दिसला आणि मोठा मोठा होऊं लागला. विमान सरळ येऊन पट्टीवर उतरले. वऱ्हाड हसत खेळत खाली आले, पाहुण्यांनी काय वाढले आणि काय नाही ते सांगूं लागले. हैबतराव उतरोन बहिणीपाशी आले आणि म्हणाले, "अक्का, इथेच उभी आहेस होय सकाळपासून? हाक मारली तर कोणी बोलत नाही. झोपलात की काय सगळे?" बाईंनी त्यांस नीट निरखून पाहिले, हनुवटीवरचा व्रण पाहिला, आणि पुसिले, "वाटेत कोणी दिसलं?" ते म्हणाले, "मोकळं आभाळ होतं. कोण दिसणार?"

नव्या जाळ्याचा हिशेब चोख जुळला. एक विमान गेले, एक पोहोचले, एक परत आले. परंतु आमच्या डोळ्यांदेखत विमान उडाले त्या वेळेस, जाळ्याच्या लेखी ते आधीच गेलेले असल्याने पडदा घेईना म्हणोन, राहीबाईंनी निघाल्याचा निरोप जुन्या यंत्रावर स्वतःच्या हाताने लिहून पाठविला होता. सांज होतां निंबाजीची फीत आली: "हे कोणते विमान? येथे काही आले नाही." दुसरे दिवशी कारभारी सुतार आणि तारकरी घेऊन जुनी तार तोडावयास आले. बाई आडव्या जाहल्या आणि म्हणाल्या की विमान बाहेर असतां तार तोडणे ही थोरल्या महाराजांची रीत नव्हे. वाद महाराजांपर्यंत गेला. महाराजांनी ऐकून घेतले आणि निवाडा केला की, पोहोचल्याचे बाईंनी आपल्या हाताने लिहून तो निरोप मिटवावा, मग तार तोडावी, तोंवर तोडूं नये. पंतांनी मग हैबतरावांसच बहिणीकडे पाठविले. ते यंत्रापाशी गुडघ्यावर बसून म्हणाले, "अक्का, मी आलो ना? बघ, हात लावून बघ. लिही, पोहोचला म्हणून. एका ओळीचं काम आहे."

बाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरविला. म्हणाल्या, "तू आलास, बाळा. घरी जा, ताट झाकून ठेवलंय."

आणि लिहिले नाही.

पुढे हैबतरावांनी पुष्कळ वर्षे विमान चालविले, लग्न केले, नातवंडे पाहिली. बाईंनी त्यांचे सर्व केले, कशांत उणे पडूं दिले नाही, परंतु ते निघतांना "जपून जा" म्हणणे मात्र त्यांच्याने कधी झाले नाही. कृष्णी पैलठाण्यास सुखाने नांदली, तिला चार लेकरे झाली. पंत तिच्या घरी पाणी पीत नसत, का ते त्यांनी सांगितले नाही. पलीकडे निंबाजी थकले, त्यांच्या जागी त्यांची सून बसूं लागली. दररोज सांजवेळीं तारेवर एक शब्द जातो आणि एक शब्द येतो. इकडून बाई पुसतात, आले? पलीकडून येते, नाही.

तात्पर्य, राज्यात नवे जाळे बसले, सर्व ठाणी त्यावर आली, आणि निरोप चुकला ऐसे पुन्हा घडले नाही. गेल्या पौषांत हैबतराव म्हातारे होऊन वारले. राहीबाईंनी डोळे पुसले, अग्नी दिलेला पाहिला, दहावा केला, आणि अकरावे दिवशी सांजवेळीं येऊन यंत्रापाशी बसल्या. भाऊ बाहेर आहे. लिहिले ते जाहले तैसेच असे.