दुसरी किल्ली

गुरुवारी दुपारी सव्वातीन वाजता कुलूपवाले काका स्वतःच्याच दाराबाहेर अडकले. दार लाकडाचं असतं तर त्यांनी ते दोन मिनिटांत उघडलं असतं. पण हे दार ईमेलचं होतं, आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ अशी लाल अक्षरं त्यावर चौथ्यांदा उमटली होती. चाळीस वर्षं लोकांची कपाटं, दुकानं आणि सुटकेसी उघडून देणारा हा माणूस जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर हात चोळत बसला होता.

आत एक पत्र होतं. दोन तासांच्या अंतरावर एक जुना छापखाना पाडायला काढला होता आणि तिथल्या तिजोरीची किल्ली हरवून जमाना झाला होता. मालक राहायचा कुठे तरी लांब. त्याने लिहिलं होतं की तुमचं नाव ऐकलं, येणार असाल तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, नाहीतर शुक्रवारी सकाळी कटर लावून तिजोरी कापून टाकू. ही तिजोरी काका ओळखत होते. त्यांच्या उस्तादांनी तिच्यापुढे तीन दिवस घालवले होते आणि तिसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी उचलून मान खाली घालून ते परत आले होते. तेव्हा पिशवी धरायला काका बरोबर होते. त्या परतीच्या प्रवासात उस्ताद एक शब्द बोलले नव्हते आणि काकांना ते आजही सलत होतं.

तरी उत्तर सोमवारीच का दिलं नाही? तर लगेच हो म्हटलं की कारागीर रिकामटेकडा वाटतो, असं काकांचं मत. दोन दिवस वाट पाहायला लावायची, मग सावकाश होकार द्यायचा. मालकाचा फोन नंबर, पत्ता, सगळं त्या पत्रातच होतं, आणि पत्र आत.

याची सुरुवात रविवारी झाली होती. लेक आली होती, ती कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करायची. बापाचा पासवर्ड ‘१२३४५६७८’ आहे हे पाहून तिने कपाळावर हात मारला आणि तासभर शिकवणी घेतली. पासवर्ड लांबलचक हवा, तो कुठे लिहून ठेवायचा नाही, काम झालं की खात्यातून बाहेर पडायचं, अडचणीसाठी दुसरा एक फोन नंबर द्यायचा आणि गुप्त प्रश्नाचं उत्तर कुणाला ओळखता येईल असं ठेवायचं नाही. काका खूश झाले. हे तर त्यांचंच शास्त्र होतं. लेक गेल्यावर त्यांनी ते मन लावून अमलात आणलं, आणि तिथेच घोळ झाला.

पासवर्ड त्यांनी दुकानाच्या किल्लीवरून घेतला. किल्लीला सात खाचा. प्रत्येक खाचेची खोली मोजपट्टीने मोजायची, दोन आकडे लिहायचे, असे चौदा आकडे. लिहून ठेवायची गरज नाही, पाठ करायची गरज नाही, किल्ली कायम खिशात. सोमवारी त्यांनी किल्ली मोजली, ईमेल उघडलं, पत्र वाचलं आणि शहाण्यासारखे बाहेर पडले. मंगळवारी दुकानाचं कुलूप अडकायला लागलं म्हणून त्यांनी ते बदललं. आणि काढून टाकलेल्या कुलपाची जुनी किल्ली कुणाच्या हाती लागू नये म्हणून, धंद्याच्या शिस्तीप्रमाणे, तिच्यावर कानस फिरवून तिचे सगळे दात गुळगुळीत करून टाकले.

“म्हणजे पासवर्ड तुम्ही कानसून टाकलात,” काकू म्हणाल्या. त्या समोर बसून भाजी निवडत होत्या.

“सवय आहे ती,” काका म्हणाले.

लेकीला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये. तिने कुजबुजत एवढंच सांगितलं की ‘पासवर्ड विसरलात का’ असं लिहिलंय तिथे दाबा, दिलेल्या नंबरावर कोड येईल, तो दहा मिनिटं चालतो. काकांनी दाबलं. कोड पाठवला असं उत्तर आलं. पण काकांनी फोनला हातही लावला नाही.

“अहो, कोड बघा की फोनवर.”

“माझ्या फोनवर येणार नाही. दुसरी किल्ली पहिलीच्या घरात ठेवत नसतात.”

“मग कुणाच्या फोनवर?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. “तुझ्या भावाच्या.”

काकूंच्या हातातली भाजी तशीच राहिली. काकांचं आणि त्यांच्या या मेहुण्याचं दीड वर्ष बोलणं नव्हतं. मेहुण्याने नव्या घराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवलं होतं, आणि काकांनी भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, हे कुलूप नाही, खेळणं आहे, असं सांगितलं होतं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. काकांचा हिशेब साधा होता. ज्याच्याशी आपलं बोलणं नाही त्याच्याकडे आपली किल्ली असेल, हे कुठल्या चोराला सुचणार? मेहुण्यालाही त्यांनी हे कळवलं नव्हतं, कारण कळवायचं तर बोलावं लागलं असतं.

काकूंनीच फोन लावला आणि सगळं समजावलं. मेहुणा म्हणाला की कोड आलाय, पण कोड कुणालाही सांगू नका असं बँकवाले रोज बजावतात, तेव्हा ज्याचा आहे त्याने स्वतः मागावा. काकांनी नाइलाजाने फोन हातात घेतला.

“कोड सांग.”

“आपण कोण?” मेहुणा म्हणाला.

“मी कोण ते तुला चांगलं माहीत आहे.”

“आवाज भावजींसारखा वाटतोय खरा. पण हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. खात्रीसाठी एकच विचारतो. माझ्या दाराच्या कुलपाबद्दल आपलं मत काय?”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं गेली होती. डोळ्यांसमोर कटरच्या ठिणग्या दिसायला लागल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्यापुढे नमतं घेतलं.

“चांगलं आहे.”

“मग तुम्ही भावजी नव्हेच,” असं म्हणून मेहुण्याने फोन ठेवला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. पुन्हा फोन लावायला, तो लागायला आणि मेहुण्याने सात वेळा वाजू देऊन उचलायला आणखी दोन मिनिटं गेली. या वेळी काकांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. खेळणं आहे ते, जत्रेतलं खेळणं, असं ते एका दमात म्हणाले.

“हां, आता ओळख पटली. नमस्कार भावजी,” मेहुणा म्हणाला. मग त्याने चष्मा शोधला, मग एकेक आकडा सावकाश वाचला, आणि चुकायला नको म्हणून सगळे पुन्हा एकदा वाचले. काकांनी ते दाबेपर्यंत दहा मिनिटं उलटून गेली होती. नवीन कोड मागितला तर फार वेळा प्रयत्न झाले, उद्या या, असं उत्तर आलं.

आता उरला गुप्त प्रश्न. संधी तीन. प्रश्न होता, लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव काय? काकांनी सवयीने खरं नाव लिहिलं. चूक. तेव्हा त्यांना आठवलं की उत्तर ओळखता येईल असं ठेवू नका म्हटल्यामुळे आपण खोटं लिहिलं होतं. पण कुठलं खोटं, ते काही केल्या आठवेना. त्यांनी उस्तादांचं नाव लिहून पाहिलं. तेही चूक. साडेचार वाजले होते आणि एकच संधी उरली होती.

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. “राहू दे,” ते हळूच म्हणाले. “कापू देत. उस्तादांच्या नशिबी नव्हती, माझ्याही नाही.”

काकूंनी भाजीचं ताट बाजूला सारलं, हात पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“अगं, काय करतेस? शेवटची संधी आहे.”

“खोटंच लिहिलंय ना? मग मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “अडतीस वर्षांत तुम्ही एकच खोटं बोललाय.”

आणि त्यांनी एका बोटाने, घाई न करता, लिहिलं: सायकल पंक्चर झाली.

दार उघडलं.

काका पडद्याकडे बघत राहिले. काकूंकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. अडतीस वर्षांत सायकलच्या नावावर खपवलेल्या पत्त्यांच्या बैठका, सिनेमे आणि चहाच्या टपऱ्या त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेल्या. काकूंनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं होतं. पाचला अकरा मिनिटं कमी असताना काकांचा होकार गेला. त्यानंतर त्यांनी काकूंना पाठ फिरवून बसायला लावलं, नवा पासवर्ड ठेवला, गुप्त उत्तरही बदलून टाकलं आणि हे कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असं जाहीर केलं.

शुक्रवारी पहाटेच्या बसने काका छापखान्यात गेले आणि तासाभरात त्यांनी तिजोरी उघडली. आत कागदात गुंडाळलेली एकच वस्तू होती. त्या तिजोरीचीच दुसरी किल्ली. काकांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी पुसताना उस्ताद आज हवे होते असं त्यांना फार वाटून गेलं.

दोनच्या बसने निघून चारला घरी येतो, असं ते सांगून गेले होते. आले ते दिवेलागणीला. चप्पल काढता काढता त्यांनी तिजोरीची सगळी हकिगत सांगितली. काकूंनी ती मनापासून ऐकली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग सहज विचारलं, “एवढा उशीर?”

काकांनी पाणी प्यायला घेतलं आणि तांब्याआडून म्हणाले, “बसचा क्लच गेला.”

“अरेरे,” काकू म्हणाल्या.

भावाचा फोन त्यांना तासापूर्वीच येऊन गेला होता. ताई, भावजी चार वाजल्यापासून माझ्याकडे बसलेत, तिसरा चहा चालू आहे, माझं खेळणं त्यांना अजून उघडत नाहीये, तू मात्र काही विचारू नकोस. काकूंनीही त्या एका प्रश्नापलीकडे काही विचारलं नाही. काका हातपाय धुवायला आत गेले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं आणि मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहून ठेवलं: बसचा क्लच गेला.