वंदनाबाईंचं बारावं प्रकरण

वंदनाबाई आंघोळीला गेल्या होत्या, तेवढ्यात धम्मदीपनं त्यांच्या कादंबरीचं बारावं प्रकरण रद्दीत घातलं.

"अहो, टेबलावरचे कागद कुठायत?"

"ते पाठकोरे? दिले की. तूच म्हणालीस, घर आवरा म्हणून."

चौदा वर्षं वंदनाबाईंनी हैदराबादच्या एका दैनिकासाठी चोऱ्या, दरोडे आणि खून लिहिले होते. त्र्याण्णव साली नवा संपादक म्हणाला, "बाई, आता रंगीत पुरवणी निघणार. फ्रिजच्या जाहिरातीशेजारी प्रेत बरं दिसत नाही. तुम्ही फॅशनवर लिहा." बाईंनी त्याच्याच टेबलावर राजीनामा लिहिला आणि घरी येऊन कादंबरी सुरू केली. धम्मदीप सिकंदराबादला रेल्वेच्या ड्युटीवर जाई. बाई पाठकोऱ्या कागदांवर दरोडे घालत. दुसरी प्रत नव्हती.

बाई रद्दीवाल्याकडे धावल्या. "वो गठ्ठा तो बेगम बाजार गया, अम्मा," तो म्हणाला. "पुड्यांसाठी."

बेगम बाजारात मसाल्याचे व्यापारी हिम्मतराव जिरं बांधता बांधता थबकले होते. कागदावर लिहिलं होतं : 'शुक्रवारी दुपारी बारा. मसाल्याचं दुकान. मालक जाडा आहे, पळू शकणार नाही.' हिम्मतराव जाडे होते. गठ्ठा काखेत मारून ते जमेल तसे पळत पोलीस ठाण्यात पोचले.

शुक्रवारी बाराला अख्खं ठाणं साध्या वेशात दुकानाभोवती उभं होतं. दोन दिवस दुकानादुकानांत पुड्या उलगडून बघणाऱ्या वंदनाबाई नेमक्या त्याच वेळी तिथे आल्या. गल्ल्यावर पुराव्यादाखल ठेवलेला कागद दिसताच त्या ओरडल्या, "तो माझा आहे! आणा इकडे!"

चार शिपायांनी त्यांना घेरलं.

ठाण्यात इन्स्पेक्टर हणमंतरावांनी कपाळाला हात लावला. "वंदनाबाई, तुमी? पेपर सोडून हे धंदे कायकू?"

"कादंबरी आहे ती."

"मग लिहून द्या. एक, ही कथा काल्पनिक हाय. दोन, यातला झोपाळू इन्स्पेक्टर मी नाही."

"तो झोपाळू आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

हणमंतराव जरा चुळबुळले. "मुद्देमाल हाय. वाचावा लागतो."

"पहिलं लिहून देते. दुसरं नाही."

"मग कागद मिळणार नाहीत."

"ठेवा. अशाच बाकांवर बसून चौदा वर्षं बातम्या काढल्यात मी. इथंच बसून सगळं पुन्हा लिहीन, आणि या वेळी तुमचं नावसुद्धा घालीन." बाईंनी बाकावर बैठक मारली आणि शेजारच्या शिपायाच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

इतक्यात हवालदार अंबाजी धापा टाकत आत आला. "साब, अंगणातली तुमची स्कूटर गेली!"

"गेली म्हंजे? पहारा?"

"सगळे बेगम बाजारात होतो की, साब."

हणमंतरावांनी बाराव्या प्रकरणाचा गठ्ठा हळूच टेबलावरून पुढे सरकवला. "घ्या बाई. सही नको, काही नको. घरी जावा. फकत हे लिहू नक्को."

बाईंनी पानं लावून पिशवीत ठेवली. एक कोरा कागद मात्र बाहेरच ठेवला, त्यावर आजची तारीख घातली आणि अंबाजीकडे वळून विचारलं,

"स्कूटरचा रंग कोणता होता?"