तिसऱ्या मजल्यावरून गळणारं गाणं

शैलजा मोहोळकर रेकॉर्डिंगला बसल्या की त्यांच्या गाण्यातले काही शब्द लॅपटॉपमध्ये न जाता फरशीतून झिरपत आणि खालच्या मजल्यावर घैसासांच्या हॉलमध्ये पडत. चिंचवडच्या सौजन्य सोसायटीला गळती नवी नव्हती, त्यामुळे कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

त्यांचे यजमान श्रीनिवासराव यांनी सुरुवातीला साहजिकच मशीनला दोष दिला. शैलजाबाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना गाणं शिकवलं. स्वतः बांधलेली गाणी मात्र कधी रेकॉर्ड झाली नाहीत, कारण दर वेळी घरात त्याहून महत्त्वाचं काहीतरी निघायचं, आणि ते बहुधा श्रीनिवासरावांचंच असायचं. आता मात्र बाईंनी धडपड करून बेडरूममध्ये स्टुडिओ थाटला. कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगल्या, नवा माइक आणला, पंखा बंद ठेवला.

पहिलं गाणं ऐकायला दोघं बसले तर त्यात खड्डेच खड्डे. ओळ छान चढायची, ऐन मोक्याचा शब्द गायब, मग नुसतं शेपूट. श्रीनिवासरावांनी केबल बदलली. माइक सरळ लॅपटॉपला जोडला, वायफाय बंद केलं, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला बफर वाढवून पाहिला. खड्डे होते तिथेच राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात घैसास उभे होते, हातात केराची सुपली.

"मोहोळकर, हे तुमचंच ना?"

सुपलीत चार-पाच शब्द होते, अजून ओलसर. एक तार षड्जही होता. तो सोफ्यावर पडल्यामुळे शाबूत राहिला होता.

"आमचंच," श्रीनिवासराव म्हणाले. नाकारण्यात अर्थ नव्हता, आवाज ओळखू येत होता.

"छताला डाग पडलेत हो. उद्या पाहुणे बसले आणि त्यांच्या अंगावर तान पडली म्हणजे?"

"खरंय तुमचं. पण हे शब्द द्या आम्हाला. जोडून बघतो."

"देईन की. आधी सोसायटीला बघू दे."

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून कमिटी बसली. वॉटरप्रूफिंगवाल्याने पाहणी करून सांगितलं, की वजनदार सूर आधी झिरपतात, हलकंसलकं वर राहतं, स्लॅबचा स्वभावच तसा. पडलेले शब्द ओल्या कचऱ्यात जावेत की सुक्या, यावर बराच वेळ गेला. मग सेक्रेटरी उपासन्यांनी निर्णय वाचला. बेडरूमची फरशी उखडून दुरुस्ती करायची आणि ती होईपर्यंत त्या फ्लॅटमध्ये गाणं बंद.

हा नियम श्रीनिवासरावांनीच खजिनदार असताना करून घेतला होता. गळती थांबेपर्यंत वरच्याने नळ बंद ठेवायचा. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या देशपांड्यांच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी महिनाभर शेजारी आंघोळीला पाठवलं होतं. आता स्वतःच्या बायकोची वेळ आली म्हणून वेगळं कसं बोलणार? सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान डोलावली.

ते वर आले तेव्हा शैलजाबाई तानपुरा लावून बसल्या होत्या.

"काय ठरलं?"

"दुरुस्तीपर्यंत गायचं नाही."

"दुरुस्ती कधी?"

"त्या माणसाकडे कामं फार आहेत. तुझ्या ऑपरेशननंतरच जमेल म्हणतो."

"आणि तुम्ही हो म्हणून आलात?"

"नियम आहे, शैला."

शैलजाबाईंनी तानपुऱ्यावर गवसणी चढवली. आरडाओरडा करावा असं त्यांच्या मनात आलं असणार, पण तोही खालीच पडला असता. त्यानंतर त्या कुजबुजत बोलू लागल्या. कुजबुज झिरपत नव्हती. श्रीनिवासरावांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटणारी माणसं करतात तेच त्यांनी केलं. ते बाईंना वेळेवर गोळ्या देत राहिले. सुपलीतले शब्द सोसायटीच्या ऑफिसात ठेवले होते. ते वाळल्यावर झाडूवालीने सुक्या कचऱ्यात टाकले, म्हणजे कमिटीचाही प्रश्न सुटला.

ऑपरेशन उत्तम झालं. बाई घरी आल्या आणि पाठोपाठ दुरुस्तीही झाली. नवी फरशी गुळगुळीत होती.

बाथरूमची दुरुस्ती झाली की पाणी साठवून बघतात, तशी ही दुरुस्तीही तपासणं भाग होतं. उपासनी मोबाइल घेऊन आले.

"काकू, एक गाणं म्हणा. खाली घैसासकाका फोनवरच आहेत."

"अहो, तिचं ऑपरेशन..." श्रीनिवासरावांनी सुरुवात केली.

"कल्पना आहे, काका. नुसती औपचारिकता. टेस्ट झाल्याशिवाय कामाची फाइल बंद करता येत नाही."

शैलजाबाई उठल्या. गळ्याभोवतीची ओढणी सारखी करून त्या नव्या फरशीवर मधोमध बसल्या, डोळे मिटले आणि गाऊ लागल्या. ओठ हलत होते. मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. समेवर हात नेमका पडत होता. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. उपासनी अदबीने उभे राहिले. त्यांनी गाणं मध्ये तोडलं नाही.

"काही नाही!" फोनमधून घैसासांचा आवाज आला. "थेंबसुद्धा नाही. छत खडखडीत कोरडं. वहिनींना धन्यवाद सांगा."

"झालं मग," उपासनी खूश होऊन म्हणाले. "काम पक्कं झालंय, काका. आता काकूंना हवं तेवढं गाऊ द्या. कुणाची तक्रार येणार नाही."

"आभारी आहे," श्रीनिवासराव म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा शैलजाबाईंनी दुसरं गाणं सुरू केलं होतं.